पासपोर्ट फोटोनंतरची एक फ्रेम

तुमच्या कामात सगळ्यात अवघड काय, असं शिकायला येणारी मुलं विचारतात. त्यांच्या डोक्यात नवरीचा मेकअप असतो, नाहीतर रडणारं तान्हं बाळ. मी सांगते, दहाव्याचा फोटो.

कराडला एस.टी. स्टँडजवळ माझा स्टुडिओ आहे. घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलगा किंवा जावई येतो, मोबाईल पुढे करतो. "ताई, यातला एवढा चेहरा काढून द्या." बघावं तर कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो. आजी तिसऱ्या रांगेत, अर्ध्या कुणाच्या तरी खांद्यामागे, उन्हाने डोळे बारीक केलेले. फोटो व्हॉट्सॲपवर चार घरं फिरून आलेला, लांबीला जेमतेम १६०० पिक्सेल, आणि त्यात आजींचा चेहरा शंभर-सव्वाशेचा. भिंतीवरच्या १२ बाय १८ इंचांच्या फोटोला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. मधली तूट कुठून आणणार?

एकदा मी ती एका ॲपकडून भरून घेतली. पापण्या मोजाव्यात इतका चेहरा स्वच्छ झाला. मुलीने फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "छान आहे हो, पण ही आमची आई नाही." भुवईवरचा जुना व्रण ॲपने पुसला होता, दात स्वतःच्या मनाने बसवले होते. मी फ्रेम परत घेतली आणि मूळ फोटोवरून लहानशी, धूसर प्रिंट काढून दिली. ती मात्र तिने छातीशी धरून नेली.

तेव्हापासून साठीपुढचं कुणीही पासपोर्ट फोटोला आलं की काम झाल्यावर मी त्यांना लगेच उठू देत नाही. आणखी एक फ्रेम घेते, त्याचे पैसे घेत नाही. पोर्ट्रेट म्हणून मला जे काही येतं ते मी या जास्तीच्या फ्रेममध्ये शिकले.

म्हणून नव्या मुलांनी पासपोर्ट फोटोला हलकं समजू नये. माझ्या दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो. ३५ बाय ४५ मिलिमीटर, ४ बाय ६ च्या कागदावर आठ कॉपी, दहा मिनिटांत हातात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने पेन्शनवाले येतात, जूनमध्ये शाळेची मुलं. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा दारात बायकांची रांग होती. त्यातल्या कितीतरी जणींचा लग्नानंतर एकटीचा असा फोटोच निघाला नव्हता. "एकटीचाच काढायचा?" असं विचारून एक मावशी जाऊबाईंचा हात सोडेनात. रोज इतके वेगवेगळे चेहरे आपल्या पायांनी चालत येतात. सरावासाठी दुसरी जागा शोधायची गरज नाही.

आता हाताशी काय लागतं ते सांगते. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स. बजेट कमी असेल तर क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर ५० मिमी, काम होतं. महत्त्वाचं आहे ते अंतर. मोबाईल तोंडाजवळ नेला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. तो दोष लेन्सपेक्षा आपण फार जवळ उभं राहिल्याचा. पाच-सहा फुटांवर या. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, १.८ वर मोठं उघडं ठेवायचा मोह आवरा, एक डोळा लख्ख आणि दुसरा वितळलेला येतो. मी ४ ते ५.६ मध्ये राहते, कारण म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या, कानातल्या कुड्या, फेट्याची घडी, सगळं हवं असतं.

प्रकाशाला उत्तरेची खिडकी मिळाली तर सॉफ्टबॉक्स (कापडाआडचा मऊ उजेडाचा दिवा) बंद करा. माणसाला खिडकीशी तिरकं बसवा आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलची शीट धरा. डोळ्यांत उजेडाचा ठिपका आला का, ते आधी बघा. तो नसेल तर नजर विझलेली दिसते. चष्म्यावर चकाकी येत असेल तर चष्मा काढायला लावू नका, घरच्यांना ते माणूस चष्म्यासकटच आठवतं. काड्या कानावरून जराशा वर उचला, काच खाली झुकते आणि चकाकी जाते.

एवढं करूनही माणूस 'सावधान'मध्येच असतो. वाड्यांमधल्या जुन्या तसबिरी बघा, सगळे असेच ताठ. तेव्हा एका फोटोला कित्येक सेकंद लागायचे आणि मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावायचे. टेकू गेला तरी तो ताठपणा आपल्या अंगात राहिला आहे. "हसा" म्हणू नका, ओठ हसतात आणि डोळे घाबरतात. मी विचारते, "यंदा ऊस गेला का?" नाहीतर, "पुरणाला डाळ कुठली घेता?" उत्तर देऊन माणूस श्वास सोडतो, खांदे खाली येतात. तेव्हा बटण दाबायचं.

हातांचं काय करायचं हे मला आउगुस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकाराने शिकवलं. कोलोनच्या या माणसाने आपल्या काळातल्या लोकांचे फोटो त्यांच्या कामाच्या कपड्यांत, कामाच्या जागी काढले. १९२८ सालचा त्याचा एक हलवाई आहे, हातात भलं मोठं पातेलं धरून उभा, राजासारखा. पुढे १९३६ मध्ये नाझींनी त्याच्या पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. साध्या माणसांचे साधे चेहरेसुद्धा कुणाला तरी खुपू शकतात, हे वाचून मी हादरले होते. तो हलवाई बघितल्यापासून मी गवंड्याला थापी आणायला सांगते, शिंप्याच्या गळ्यातली टेप काढायला लावत नाही. हाताला ओळखीची वस्तू मिळाली की चेहरा आपोआप जागेवर येतो.

एका बाबतीत मी अडून बसते. "जरा गोरं करा" ही मागणी दिवसातून चार वेळा येते. मी करत नाही. पुटकुळी काढते, ती आठवड्याने जाणारच असते. रंग, तीळ, व्रण यांना हात लावत नाही. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात, जाऊ देत. सुरुवातीला पोटासाठी तुम्हाला हे जमणार नाही, मलाही जमलं नव्हतं. निदान मूळ फाइल न बदलता जपून ठेवा.

आणि फाइलला कॅमेऱ्याने दिलेला नंबर तसाच ठेवू नका. नाव, गाव, तारीख घाला. सगळं दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक घरी. गेल्या पावसाळ्यात उंडाळ्याची एक सून आली होती. सासरे आदल्या रात्री गेले होते. "त्यांनी इथे कधीतरी फोटो काढला होता म्हणे," एवढंच तिला माहीत. मी नाव टाकलं. श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठीचा फोटो निघाला, टोपी नीट बसवलेली, नजर समोर. त्याच्यापुढे ती जास्तीची फ्रेम होती. टोपी मांडीवर, आणि कुठल्यातरी बैलाचं कौतुक सांगता सांगता तोंड अर्धं उघडं राहिलेलं.

"हाच द्या," ती म्हणाली. "रुद्र्या बैलाचं सांगत असणार."