‘द डेव्हिल अँड टॉम वॉकर’वर लिहिताना या चुका टाळा

अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगची ही कथा १८२४ची. कंजूष टॉम वॉकर बोस्टनजवळच्या दलदलीत सैतानाशी सौदा करतो, सावकारी थाटतो आणि शेवटी सैतानच त्याला उचलून नेतो. परीक्षेत या कथेतली लोककथेची लक्षणं विचारली की उत्तरात ठरलेली यादी उतरते: सैतान, सौदा, लोभ, शिक्षा. यादी बरोबरच असते, पण तिथेच थांबणं ही सगळ्यात मोठी चूक. लेखकाने त्या लक्षणाचं पुढे काय केलं, हे लिहा.

बायबलचंच बघा. पवित्र वस्तू जवळ असली की सैतान शिवत नाही, हा लोककथेचा जुना नियम. म्हणून म्हातारपणी धास्तावलेला टॉम एक छोटं बायबल कोटाच्या खिशात बाळगतो, मोठं पेढीच्या मेजावर ठेवतो. एका उकाड्याच्या दुपारी तो घरगुती रेशमी झग्यात बसलेला असतो. मुदत मागणाऱ्या कर्जदारावर तो खेकसतो, ‘एक छदाम जरी कमावला असेल तर सैतान मला नेवो!’ लगेच दारावर तीन थापा. छोटं बायबल कोटाच्या खिशातच राहिलेलं, मोठं त्याच कर्जदाराच्या गहाणखताखाली दबलेलं. नियम लोककथेचा, पण टॉमला बुडवतो तो त्याचा स्वतःचा धंदा. हा प्रसंग सोडून लिहिलेलं उत्तर मला अपुरंच वाटतं.

‘असं म्हणतात’ हे शब्द गाळू नका. टॉमची बायको चांदीची भांडी एप्रनमध्ये बांधून स्वतःच सौदा करायला सैतानाकडे जाते ती परत येत नाही. कुणी म्हणतं दलदलीत वाट चुकली, कुणी म्हणतं ऐवज घेऊन पळाली. टॉमला झाडावर तोच एप्रन सापडतो, आत फक्त हृदय आणि यकृत. निवेदक स्वतः कशाचीच हमी देत नाही. म्हणून उत्तरात ‘सैतानाने तिला मारलं’ असं ठाम लिहू नका, ‘लोक म्हणतात’ असं लिहा.

पात्रं सपाट आहेत ही तक्रारही नको, लोककथेत ती तशीच असतात.

आणि हे आपलं ‘आटपाट नगर’ नव्हे. साल १७२७च्या सुमाराचं, गाव बोस्टन. दलदलीतल्या झाडांवर तिथल्या इंग्रज वसाहतीतल्या बड्या लोकांची नावं कोरलेली आहेत; झाडं बाहेरून हिरवीगार, आतून किडलेली. गुलामांच्या व्यापारासाठी जहाज काढ, असं सैतान सुचवतो तेव्हा टॉमसुद्धा साफ नकार देतो. सावकारीला मात्र तो आनंदाने तयार होतो.