चोरलेला लेख शोध-निकालांतून हटवण्यासाठी तक्रार कशी करावी

दिवाळी अंकात छापून आलेली कथा कुणी परवानगीवाचून एखाद्या संकेतस्थळावर जशीच्या तशी टाकली असेल, तर लेखकाने प्रथम हे लक्षात घ्यावे की गूगल ते पान मिटवू शकत नाही. ते केवळ शोध-निकालांतला त्याचा दुवा काढते. पान मुळातून हटवायचे असेल, तर ते ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीकडे तक्रार करावी लागते. माझ्या मते ती तक्रार आधी करावी, कारण दुवा गेला तरी पान व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत राहते.

तक्रारीपूर्वी कथेचा कॉपीराइट हक्क आपलाच आहे ना, हे तपासावे. भारतात हक्कासाठी नोंदणीची अट नाही, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. म्हणून केवळ मानधन घेतल्याने स्वतंत्र लेखकाचा हक्क संपादकाकडे जात नाही. लेखक हयात नसल्यास त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो.

गूगलच्या कायदेशीर तक्रारीच्या फॉर्ममध्ये अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने ठरवलेला तपशील मागितला जातो. यात सर्वाधिक चुका पत्त्याच्या रकान्यात होतात. संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाचा पत्ता देऊन भागत नाही. कथा पाच पानांत विभागली असेल, तर पाचही पानांचे पूर्ण पत्ते द्यावेत. मूळ कथा केवळ छापील असेल, तर अंकाचे नाव, वर्ष व पृष्ठक्रमांक लिहून उचललेल्या मजकुराच्या पहिल्या ओळी उद्धृत कराव्यात. पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवावेत.

फॉर्मच्या शेवटी, आपण हक्कधारक किंवा त्याचे अधिकृत प्रतिनिधी आहोत, असे शपथेवर सांगावे लागते. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. परीक्षणात घेतलेली चार वाक्ये म्हणजे चोरी नव्हे. अप्रिय टीका दडपण्यासाठी हा मार्ग कुणीही वापरू नये, कारण त्याने खऱ्या तक्रारदारांचीच पत जाते. शिवाय गूगल अशा तक्रारींच्या प्रती ल्युमेन या सार्वजनिक संग्रहाकडे पाठवते आणि तिथे तक्रारदाराचे नाव दिसू शकते. म्हणून मजकुरात घरचा पत्ता किंवा खासगी हकिगत लिहू नये.

समोरच्याने प्रतिदावा केल्यास, म्हणजे मजकूर चुकीने हटवला असे लेखी कळवल्यास, आपण न्यायालयात गेल्याचे कळवले नाही, तर डीएमसीएनुसार १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर पुन्हा दिसू लागतो. भारतीय नियमांचा मार्ग याहून कडक आहे. २०१३च्या कॉपीराइट नियमांतील ७५व्या नियमानुसार लेखी तक्रारीबाबत समाधान झाल्यास मध्यस्थ सेवेने, म्हणजे मजकुरापर्यंत पोहोचवणाऱ्या शोधसेवेसारख्या सेवेने, ३६ तासांत त्या मजकुराची वाट बंद करायची असते. मात्र दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर करण्याची लेखी हमी तक्रारदाराने त्या अर्जातच द्यावी लागते, आणि आदेश न आल्यास मजकूर पुन्हा खुला करता येतो. त्यामुळे वकिलाशी आधी बोलूनच हा अर्ज करावा.

मूळ पान हटल्यावरही निकालांत जुना उतारा दिसत राहिला, तर गूगलच्या कालबाह्य मजकूर हटवण्याच्या साधनात त्या पानाचा पत्ता द्यावा. बिंग या दुसऱ्या शोधसेवेकडे मात्र वेगळी विनंती करावी लागते.