दोघांनी होडीवर राहून कोकण किनारा फिरायचा असेल तर

आम्ही दोघं नवरा-बायको तीन हिवाळे आमच्या २८ फुटी फायबरच्या होडीवर राहून मांडव्यापासून मालवणपर्यंत खाडी-खाडी करत फिरलोय. डिझेल इंजिन, एक छोटं शीड, दोघांना झोपायपुरती जागा आणि एक शेगडी, बस. भेटेल तो पहिलं विचारतो होडी केवढ्याला पडली, आणि मी सांगते होडीचं नंतर बघू, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा, तिथी असलेलं.

कारण कोकणात खुल्या समुद्रापेक्षा जास्त सांभाळायची जागा म्हणजे खाडीचं तोंड. तिथे वाळूचा बांध साचलेला असतो, ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असतं आणि दुपारचा वारा लाटा आत ढकलत असतो, दोन्ही समोरासमोर आले की तिथेच उभ्या लाटा फुटायला लागतात. म्हणून नियम एकच, आत शिरायचं ते चढत्या पाण्यावर, भरती पूर्ण व्हायच्या तास-दीड तास आधी. भरतीची वेळ कोळी लोक काढतात तशी काढायची, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढे. हा अंदाज झाला, भरती-ओहोटीचा तक्ता जवळ पाहिजेच, पण मोबाईल बंद पडला तर हा हिशोब उपयोगी पडतो.

आता वाऱ्याचं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र तेलासारखा शांत, आणि अकरा-बारानंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत. त्यामुळे आम्ही उजाडता निघतो आणि दुपारच्या आत नांगर टाकतो. दाभोळ ते जयगड साधारण १७ सागरी मैल, जयगड ते रत्नागिरी तेवढंच, पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांनी, गेलात तर साडेतीन तास. पौर्णिमा-अमावस्या आणि त्यानंतरची प्रतिपदा हे दिवस धरले तर सकाळी निघून चढत्या पाण्यावर पुढच्या खाडीत शिरता येतं, आम्ही मोठे टप्पे याच दिवसात करतो आणि बाकीचे दिवस खाडीतच राहतो. रत्नागिरी ते विजयदुर्ग मात्र लांब आहे, २५ मैलांच्या वर, तिथे सकाळच्या भरतीच्या नादाला न लागता संध्याकाळी पाणी चढेल असा दिवस निवडा पण अंधार पडायच्या आत पोचा. आणि विजयदुर्गला किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली जुनी भिंत आहे, किल्ल्याला लगटून अजिबात जायचं नाही. मालवणात तर सिंधुदुर्गाच्या भोवती सगळे खडक, तिथे पहिल्या वेळी स्थानिक तांडेल, म्हणजे होडी चालवणारा जाणकार, बरोबर घ्याच, पैसे वाचवू नका.

सीझन डिसेंबर ते मार्च. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, होड्या ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हा विषयच नाही. पण दिवाळीच्या आसपास किंवा पावसाळ्याच्या तोंडावरही घाई नको, फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, निसर्ग ३ जून २०२० ला, तौक्ते मे २०२१ मध्ये. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला की निघायचं नाही. व्हीएचएफवर, म्हणजे होडीवरच्या रेडिओवर, मदतीच्या हाकेचा १६ नंबरचा चॅनल चालू ठेवायचा, कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ दोघांच्याही फोनमध्ये पाहिजे. होडीचे कागद आणि आधार कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत, पोलीस विचारतात आणि विचारायलाच पाहिजे.

दोघंच असताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांनाही सगळं यायला हवं. पूर्णगडच्या पुढे आमच्या पंख्यात जाळं अडकलं, इंजिन एकदम थांबलं आणि होडी हळूहळू खडकांकडे सरकायला लागली. मी आधी नांगर सोडला, मग किल्ली काढून स्वतःच्या हातात ठेवली, मग ह्यांच्या कमरेला दोर बांधला आणि तेव्हाच हे पाण्यात उतरले. साध्या सुरीने नायलॉन तुटेना, शेवटी पाव कापायच्या दातेरी सुरीने तुटलं, तेव्हापासून तशी सुरी सुकाणूजवळ बांधलेली असते. जाळं गरजेपुरतंच कापलं आणि दोन्ही टोकं गाठ मारून परत जोडून सोडली, कुणाच्यातरी घरचं पोट आहे ते. मला नांगर टाकता येत नसता तर? म्हणून निघायच्या आधी महिनाभर सुकाणू, नांगर, इंजिनातली हवा काढणं, सगळं आलटून पालटून करा. नांगर टाकताना हाताच्या खुणा ठरवून घ्या, इंजिनाच्या आवाजात ओरडून काही कळत नाही आणि उगाच भांडणं होतात. आणि निघायचं का नाही यात दोघांपैकी एक जण जरी नको म्हणाला तर त्या दिवशी नाही, कारण विचारायचं नाही.

नांगराचा दोर किती सोडायचा तर आत्ताच्या पाण्यावर नाही, भरतीच्या पाण्यावर धरून पाचपट. ओहोटीला तीन मीटर आणि वर अडीच चढणार असेल तर २७-२८ मीटर. खाडीत खाली चिखल असतो, नांगर चांगला धरतो, पण पाणी फिरलं की होडीही फिरते म्हणून मासेमारीच्या मचव्यांपासून लांब राहा, जंगलजेटीची, म्हणजे गाड्या-माणसं नेणाऱ्या फेरीबोटीची, वाट तर मोकळी सोडाच सोडा. झोपायच्या आधी देवळाचा कळस आणि एखादा माड एका रेषेत धरून ठेवा, रात्री उठून बघितलं की नांगर सरकलाय का ते लगेच कळतं, काळोखी रात्र असेल तर जेटीचे दोन दिवे धरा.

पिण्याला आणि स्वयंपाकाला दोघांना दिवसाला आठ-दहा लिटर पाणी धरा. बर्फ आणि डिझेल मच्छीमार बंदरात मिळतं, पण धक्का त्यांच्या मालाच्या वेळेला अडवू नका, आधी विचारा. सुका जवळा, सोडे, कोकम, मेतकूट असलं की आठवडा निघतो.

पहिलीच वेळ असेल तर बाहेर जाऊच नका, चार रात्री राजपुरीच्या खाडीत नाहीतर दाभोळहून वाशिष्ठीत भरतीबरोबर वर जाऊन काढा, आणि चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, तिथे भांडी घासायला हात पाण्यात घालू नका, बादलीने पाणी वर ओढून घ्या.