लिथोग्राफी यंत्रांची मागणी कशी काढावी: वेफर, थर आणि यंत्राचे तास

कुपवाड एमआयडीसीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) जॉबवर्क करणाऱ्याकडे मोठी ऑर्डर आली, की तो आधी हिशोब मांडतो. एका नगाला ऑपरेशन्स किती, सायकल टाइम किती, सेटिंग आणि ब्रेकडाउन वजा जाता मशीन महिन्यात किती तास हाताशी राहतं. मग ठरवतो, आणखी एक मशीन घ्यायचं की आहे त्यावर भागेल. चिपच्या कारखान्यांना लिथोग्राफी यंत्रं, म्हणजे ‘वेफर’ या सिलिकॉनच्या गोल चकतीवर प्रकाशाने नक्षीचा एकेक थर छापणारी यंत्रं, किती लागतील, हे याच रीतीने काढता येतं. सांगलीत बसून अमेरिकी बाजारातला अशा यंत्रांच्या कंपनीचा शेअर घेणं आता सोपं झालंय, पण ‘एआय वाढतंय, म्हणजे यंत्रं खपणारच’ एवढ्या भरवशावर घरचा पैसा घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी यंत्रांचे प्रकार वेगळे करा. ही यंत्रं मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: नेदरलँड्सची एएसएमएल, जपानच्या निकॉन आणि कॅनन. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितकी नक्षी बारीक. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीची ईयूव्ही (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट) यंत्रं फक्त एएसएमएलकडे मिळतात. त्याखालोखाल १९३ नॅनोमीटरची इमर्शन यंत्रं (लेन्स आणि वेफर यांच्यामध्ये पाणी ठेवून छापणारी), मग २४८ आणि ३६५ नॅनोमीटरची साधी यंत्रं. सगळी एका रकान्यात घातलीत, तर पुढचा हिशोब फसलाच म्हणून समजा.

आता वेफर आणि थर. टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांच्या गुजरातमधल्या धोलेरा प्रकल्पाची नियोजित क्षमता महिन्याला ५०,००० वेफर आहे. एका वेफरवर ४० थर छापायचे, असं धरू. हा आकडा माझं गृहीतक आहे. चिपच्या जातीप्रमाणे तो बदलतो. म्हणजे महिन्याला २० लाख वेळा वेफर यंत्राखालून जाणार. कागदावरचा वेग जास्त असला, तरी देखभाल, मास्क (नक्षीचा साचा) बदलणं, मोजमाप यांत वेळ जातो. म्हणून दिवसरात्र मिळून तासाला सरासरी १५० वेफर धरा. ७२० तासांत एक यंत्र १,०८,००० वेफर काढतं. २० लाखांना त्याने भागलं, की उत्तर येतं १९ यंत्रं. त्यात सर्वांत बारीक नक्षीचे थर १० असतील, तर इमर्शन यंत्रं ५ पुरतात, बाकीची स्वस्तातली. धोलेराला ईयूव्हीची गरजच नाही, कारण तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड नक्षीच्या चिप बनायच्या आहेत. त्यामुळे ‘भारतात फॅब (चिपचा कारखाना) येतेय’ ही बातमी वाचून ईयूव्हीची विक्री वाढेल असं कुणी म्हणालं, तर ऐकून सोडून द्या.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी मेख तिथेच आहे. एएसएमएलचं ३६००डी हे ईयूव्ही यंत्र तासाला १६० वेफर काढायचं. नंतरच्या ३८००ई मॉडेलचा वेग २२०. म्हणजे एकाच यंत्रात ३७ टक्के जास्त काम. ईयूव्हीचे थर आणि वेफर मिळून काम तेवढंच वाढलं, तर यंत्रांची संख्या जागच्या जागी राहते! पण वेगवान यंत्र महागही असतं. २०२३ साली एएसएमएलने ५३ ईयूव्ही यंत्रं विकून सुमारे ९१० कोटी युरो मिळवले, २०२४ साली ४४ विकून सुमारे ८३० कोटी. संख्या १७ टक्क्यांनी घटली, उत्पन्न फक्त ९ टक्क्यांनी. सरासरी किंमत १७ कोटींवरून १९ कोटी युरोंवर गेली होती. म्हणून नग आणि किंमत हे दोन अंदाज कायम वेगवेगळे करा.

आणखी एक गुंता लक्षात ठेवा. ईयूव्हीचा एक थर आला, की तेच काम इमर्शनवर तीन-चार फेऱ्यांत करावं लागायचं, त्या फेऱ्या वाचतात. एकीकडे मिळवलंत, तर दुसरीकडे वजा करा.

मग आलेलं उत्तर ग्राहकाच्या खिशाशी ताडून बघा. टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीचा भांडवली खर्च २०२४ साली सुमारे ३,००० कोटी डॉलर होता, २०२५ साठी कंपनीने ३,८०० ते ४,२०० कोटींचा अंदाज दिला. यात इमारती आणि पॅकेजिंगही (तयार चिपला आवरण आणि जोडण्या देणं) धरलेलं असतं. वेफरवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांच्या खर्चातला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा लिथोग्राफीला जातो. तुमचा आकडा याच्या फार पुढे गेला, तर थरांचं गृहीतक तपासा.

चीनचा रकाना मात्र वेगळाच ठेवा. ईयूव्ही तिथे विकायला परवानगी नाही, पण जुन्या प्रकारची यंत्रं चिनी कारखान्यांनी धडाक्याने घेतली. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत एएसएमएलच्या यंत्रविक्रीत चीनचा वाटा ४९ टक्के होता. निर्बंधांच्या धास्तीने आगाऊ केलेली खरेदी दरवर्षीची मागणी म्हणून धरू नये.

एका तिमाहीच्या ऑर्डरींवरूनही हुरळू नका, घाबरू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये एएसएमएलने २६० कोटी युरोंच्या ऑर्डरी जाहीर केल्या आणि शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के कोसळला. लगेच पुढच्या तिमाहीत ऑर्डरी ७१० कोटी! दर तिमाहीला हा आकडा देणं २०२६ पासून बंद करायचं कंपनीने ठरवलं, त्यामुळे स्वतःचा तक्ता आता जास्तच लागेल.

टीएसएमसी आणि एएसएमएलचे निकाल एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या मध्याला बहुधा एकाच आठवड्यात येतात; जानेवारीत मात्र एएसएमएलचे निकाल थोडे उशिरा येतात. दोन्ही निकाल आले, की भांडवली खर्च, ईयूव्हीचे नग, चीनचा वाटा आणि जुन्या यंत्रांच्या देखभालीचं उत्पन्न असे चार रकाने भरा. शेजारी तारीख घालून लिहा, की वेफर, थर आणि तासाचा वेग यांपैकी कोणतं गृहीतक बदलावं लागलं आणि का.