'इज धिस इट'ची रेकॉर्ड घेताय? आधी या चुका टाळा

गेल्या दोन-तीन वर्षांत मला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त वेळा आलेला फोटो म्हणजे द स्ट्रोक्स या रॉक बँडच्या 'इज धिस इट' अल्बमचं कव्हर, तो ग्लोव्ह घातलेला हात, आणि खाली मेसेज, "दादा, फर्स्ट प्रेस (म्हणजे पहिल्या खेपेत छापलेली रेकॉर्ड) आहे म्हणतोय, अकरा हजार सांगतोय, घेऊ का?" आणि दर वेळी मी तेच लिहितो, कव्हर ठेव बाजूला, डेड वॅक्सचा, म्हणजे रेकॉर्डवर लेबलभोवती असतो त्या गुळगुळीत पट्ट्याचा फोटो मागव. मग समोरून उत्तर येतं की अहो तोपर्यंत दुसरा कोणीतरी घेऊन जाईल. जाऊ दे ना! २००१ ची रेकॉर्ड आहे, आज गेली तर सहा महिन्यांनी दुसरी येईल, पण ते अकरा हजार काही परत येत नाहीत.

म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी थोडा इतिहास, कारण निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. बँड न्यूयॉर्कचा, त्यामुळे सगळे धरून चालतात की ओरिजिनल म्हणजे अमेरिकन कॉपी. तसं नाहीये. अल्बम पहिल्यांदा आला ऑस्ट्रेलियात, जुलै २००१ च्या अखेरीस, मग २७ ऑगस्टला ब्रिटनमध्ये रफ ट्रेड कंपनीकडून, आणि अमेरिकेत आरसीए कंपनीकडून त्याच्यानंतर. अमेरिकेत कव्हरसुद्धा बदललं, कॉलिन लेनने काढलेला तो ग्लोव्हचा फोटो काढून त्या जागी बबल चेंबरमधल्या, म्हणजे सूक्ष्म कणांचा माग टिपणाऱ्या यंत्रातल्या, कणांच्या रेषांचं चित्र आलं. म्हणजे ग्लोव्हवालं कव्हर दिसलं म्हणून ते पहिलं प्रेसिंग होत नाही आणि रेषांचं कव्हर दिसलं म्हणून ती कॉपी डुप्लिकेट होत नाही. मला हे दोन्ही गैरसमज एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या मुलांनी ऐकवलेत.

कव्हर बघून पैसे देणं

ही माझी स्वतःची चूक आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

२०१९ साली ओळखीतून एकाचा नंबर मिळाला, त्याच्याकडे "यूके ओरिजिनल, २००१" होती. माटुंग्याला एका उडप्याकडे भेटायचं ठरलं. त्याने पिशवीतून रेकॉर्ड काढली, मी कव्हर दोन्ही बाजूंनी पाहिलं, स्पाइनवरचा (कव्हरच्या कडेवरचा) कॅटलॉग नंबर मोबाईलवर डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या नोंदींच्या वेबसाइटवरल्या यादीशी जुळवला, तो जुळला. रेकॉर्ड बाहेर काढून तिरकी धरली, एक ओरखडा नाही. कॉफी यायच्या आत मी पैसे पाठवून मोकळा झालो होतो.

घरी आलो, रात्री जेवणं झाल्यावर हॉलचा दिवा बंद करून टॉर्च घेऊन बसलो. रेकॉर्डवर शेवटचं गाणं संपतं तिथपासून मधल्या कागदी लेबलपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा असतो तो डेड वॅक्स, आणि त्यात बारीक अक्षरं-आकडे कोरलेले असतात, काही साच्याने ठोकलेले सरळ, काही हाताने खरवडल्यासारखे वाकडे. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. ए बाजूचा वाचला, बी बाजूचा वाचला, कागदावर लिहून घेतला. २००१ च्या नोंदींपैकी एकाशीही जुळेना. जुळला तो बऱ्याच वर्षांनी निघालेल्या रिइश्यूशी, म्हणजे पुन्हा काढलेल्या आवृत्तीशी, अक्षरन् अक्षर. म्हणजे दुकानात नवीकोरी सीलबंद तीन हजारांच्या आत मिळाली असती ती रेकॉर्ड मी अकराला घेऊन आलो होतो.

त्याला फोन केला तर म्हणाला, मलाही असंच सांगितलं होतं हो. आणि तो खोटं बोलत नव्हता असं मला आजही वाटतं. हेच तर आहे, इथे फसवणारे कमी आणि स्वतःच फसून पुढे विकणारे जास्त. एकाने लिस्टिंगमध्ये "फर्स्ट प्रेस" लिहिलं की पुढचे चार मालक तेच लिहीत जातात, तपासत कोणीच नाही.

कॅटलॉग नंबर जुळूनही मी फसलो कसा? कारण रिइश्यू काढताना कंपन्या बरेचदा कव्हरचं जुनं डिझाइन जसंच्या तसं छापतात, नंबरासकट, बारकोडासकट. पण रेकॉर्ड नव्याने कापली, नव्या प्लांटमध्ये दाबली की डेड वॅक्समधलं लिखाण बहुतेक वेळा बदलतं. कव्हर एकाचं आणि आत रेकॉर्ड दुसऱ्याची हा प्रकारही चालतो, आणि तोही तिथेच पकडला जातो. शिवाय त्या दिवशी उडप्याकडे बसून मला दिसायला हवं होतं की अठरा वर्षं जुन्या म्हणवणाऱ्या कव्हरच्या चारही कडा पांढऱ्या पडलेल्या नाहीत, आतल्या रेकॉर्डच्या गोल कडेचा कव्हरवर उमटणारा पुसटसा वळ नाही, आतला कागद जराही पिवळा नाही. इतकं नवं दिसत असेल तर आधी शंका घ्यायची, मी खूश झालो होतो.

आता माझी सवय अशी आहे. विकणाऱ्याकडून दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्सचे फोटो मागतो. फ्लॅश मारून काढलेला फोटो उपयोगाचा नाही, सगळं पांढरं दिसतं. खोलीत अंधार करायचा, टॉर्च रेकॉर्डच्या पातळीला आडवी धरायची, म्हणजे उजेड बाजूने घसरत येतो आणि अक्षरांची सावली पडते, तेव्हा वाचता येतं. हे त्याला सांगतो. जो माणूस ते करायला कंटाळतो त्याच्याकडून मी घेत नाही, मग किंमत काहीही असो. प्रत्यक्ष भेटणार असू तर छोटी टॉर्च खिशात असते, आणि नंबर डिस्कॉग्सवर अल्बमच्या मुख्य पानावर न शोधता त्या-त्या प्रेसिंगच्या पानावर खाली आयडेंटिफायर्समध्ये शोधतो. आणि वाचून होईपर्यंत फोनमधलं पेमेंट अ‍ॅप उघडत नाही, एवढा एक नियम जरी पाळलात तरी पुष्कळ आहे.

"त्यात बॅन झालेलं गाणं आहे" ऐकून जास्त पैसे देणं

ही गोष्ट अर्धवट सांगून भाव वाढवला जातो. खरी हकिगत अशी की अल्बमचं नववं गाणं 'न्यूयॉर्क सिटी कॉप्स', त्यात पोलिसांवर टोमणा आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, पोलीस लोकांचे जीव वाचवताना गेलेले असताना हे गाणं नको म्हणून अमेरिकेतल्या सीडीवरून ते काढलं, 'व्हेन इट स्टार्टेड' घातलं आणि सीडी २५ सप्टेंबरऐवजी ९ ऑक्टोबरला आणली. पण अमेरिकेतली एलपी तोपर्यंत तयार होती, तिची तारीखच ११ सप्टेंबर होती, आणि तिच्यावर गाणं जसंच्या तसं आहे. म्हणजे बदल झाला तो सीडीत. रेकॉर्डवर ते गाणं असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, त्यासाठी कोणी दोन हजार चढवून मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

आवाज फाटतोय म्हणून सुई बदलणं

हे ऐकून मला खरोखर वाईट वाटतं, कारण यात पोरांचे पैसे जातात. ठाण्याचा एक मुलगा, कॉलेजात शिकणारा, त्याने पहिल्या पगारातून, म्हणजे इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून, टर्नटेबल घेतला आणि पहिली रेकॉर्ड हीच घेतली. लावली तर गाणाऱ्याचा आवाज खरखरीत, फाटल्यासारखा, फोनवरून बोलतोय असा. त्याने रेकॉर्ड धुतली. मग सुई बदलली. मग सुई ज्यात बसते ती अख्खी कार्ट्रिज बदलली. मग रेकॉर्ड खराब म्हणून परत केली, दुसरी मागवली, तीही तशीच. तेव्हा कुठे माझ्याकडे आला.

अरे बाबा, तो आवाज तसाच आहे! निर्माता गॉर्डन राफाएलने हा अल्बम न्यूयॉर्कमधल्या एका तळघरातल्या स्टुडिओत रेकॉर्ड केला आणि बँडचा गायक ज्युलियन कासाब्लांकासचा आवाज मुद्दाम छोट्या प्रॅक्टिस अँपमधून काढला, त्यांना तो तसाच मळलेला हवा होता. सीडीवर, स्ट्रीमिंगवर, कुठेही ऐका, तसाच येतो.

मग खरा दोष ओळखायचा कसा? कान गाणाऱ्याच्या आवाजावर नको, ड्रमच्या झांजांवर आणि गिटारवर ठेवा. आवाज मळलेला पण बाजूची गिटार स्वच्छ, सुटी ऐकू येतेय, तर सगळं ठीक आहे. दुसरं म्हणजे रेकॉर्ड बाहेरून आत वाजत जाते आणि सुई नीट बसलेली नसेल तर खराबी लेबलच्या जवळ येताना वाढत जाते, 'स' 'श' थुंकल्यासारखे येतात. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत खरखर सारखीच असेल तर ती रेकॉर्डिंगची. शिवाय हा अल्बम जेमतेम छत्तीस मिनिटांचा, एका बाजूला साधारण अठराच मिनिटं, म्हणजे ग्रूव्ह (सुई ज्यातून फिरते त्या खाचा) दाटीवाटीने कोंबलेले नाहीत, वाजायला तशी सोपी रेकॉर्ड आहे. आणि सगळ्यात साधं, घरातली दुसरी कुठलीही रेकॉर्ड लावून बघा. त्या मुलाकडे दुसरी नव्हती. मी त्याला माझ्याकडची एक जुनी एचएमव्हीची दिली, लावल्यावर आवाज लख्ख आला, बिचारा बराच वेळ गप्प बसला होता.

सुटकेसवाल्या प्लेअरबद्दल एवढंच, त्यातल्या बऱ्याच मॉडेल्सची सुई पाच ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त दाब देते, नीट कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. जुनी महागडी रेकॉर्ड त्याच्यावर लावू नका.

जुन्या रेकॉर्डची अवस्था सांगायला "व्हीजी प्लस" (व्हेरी गुड प्लस) असे ग्रेड लिहितात, ते शब्दशः खरे समजून घेऊ नका, विकणाऱ्याने लिहिलेल्या ग्रेडमधून मनातल्या मनात एक पायरी उतरवा. रेकॉर्डवर १८० ग्रॅम लिहिलंय म्हणजे आवाज चांगला असं काही नसतं, ते फक्त वजन आहे. रंगीत रिइश्यू आवडला तर जरूर घ्या, ऐकायला घ्या, पण पुढे भाव येईल म्हणून घेऊ नका.

चोरबाजारात ही शोधत फिरू नका. मटण स्ट्रीटला जुन्या हिंदी सिनेमांच्या, नाट्यगीतांच्या रेकॉर्ड मिळतात आणि त्यासाठी जायलाच हवं, पण २००१ साली आपल्याकडे कॅसेट आणि सीडीचा जमाना होता, मुंबईत दिसते ती या अल्बमची कॉपी बाहेरून आलेली असते. आणि बाहेरून मागवताना विकणाऱ्याला "गिफ्ट लिहून पाठव" म्हणणं बंद करा, डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवनरक्षक औषधं सोडली तर गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता माल सोडवताच येत नाही. खरी किंमत लिहायला सांगा, ड्युटी भरा, मोकळे व्हा.

पावसाळा

बाकी जगाच्या लेखांमध्ये हे सापडणार नाही आणि आपल्याकडे रेकॉर्ड सगळ्यात जास्त यानेच जातात. जुलैत आपल्या हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर ओल असते, आणि लोक रेकॉर्ड ठेवतात कुठे, तर बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या लोखंडी कपाटात! त्या भिंतीला पाऊस झोडपतो, आतून ओल येते, ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की कव्हरवर करड्या ठिपक्यांची बुरशी. व्हिनाइलला बुरशी आली तर धुता येते, पुठ्ठ्यात शिरली की ती कायमची. माझ्या एका कव्हरवर वरच्या कोपऱ्यात असा डाग आहे, पुसला तर छपाई निघून येते, म्हणून तसाच ठेवलाय.

आतल्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, पण कोंबू नका, मध्ये बोट जाईल इतकी जागा हवी. एकावर एक आडव्या कधीच नाही. जाड मऊ पीव्हीसीची प्लॅस्टिक कव्हरं काढून फेका, वर्षानुवर्षं तशीच राहिली तर त्यांचा धुरकट थर रेकॉर्डवर चढतो, पातळ पॉलिथिनची घ्या. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण ठेवून विसरू नका, निळ्याचे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं, सुकवून परत वापरा. डांबरगोळ्या नकोत, तो वास पुठ्ठ्यात बसला की निघत नाही.

धुवायची असेल तर डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या लिक्विडचा एखादाच थेंब, मऊ मायक्रोफायबर, ग्रूव्हच्या दिशेने गोल-गोल, लेबल कोरडं ठेवून, आणि शेवटी परत नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. नळाचं पाणी नको, सुकल्यावर त्यातले क्षार ग्रूव्हमध्येच राहतात. आणि स्पिरिट वापरणाऱ्यांनो, आजोबांच्या ७८ आरपीएमवाल्या तबकड्यांना ते लावू नका, त्या लाखेच्या असतात, विरघळतात.

माझ्याकडे दसऱ्यानंतर ऊन कडक पडलं की एक अख्खा रविवार यातच जातो. सगळ्या रेकॉर्ड खाली काढायच्या, उन्हात नाही, पंख्याखाली, कपाट कोरड्या फडक्याने पुसायचं, एकेक कव्हर उघडून आत नाक घालून वास घ्यायचा. कुबट वास आला तर आतला कागद लगेच बदलायचा. ती अकरा हजारांची रिइश्यूसुद्धा त्यात असते, तिचा नंबर मी पेन्सिलीने आतल्या कागदावर लिहून ठेवलाय, ए बाजू आणि बी बाजू.