पेशंटच्या डोक्यातला गुडघा: इंदुरात फिजिओथेरपी शिकणाऱ्यांसाठी

इंटर्नशिपला लागलात की पहिल्याच आठवड्यात कानावर पडेल: 'घुटने घिस गए', 'ग्रीस खतम हो गई', 'गादी सरकली'. लोकमान्य नगरातल्या मराठी घरांत ही हिंदी-मराठी एका दमात बोलली जाते. आणि गंमत म्हणजे यातली बरीचशी वाक्यं पेशंटला आपल्याच मंडळींनी शिकवलेली असतात. ओपीडीत रांग असते, सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारी गुळगुळीत कूर्चा समजावत कोण बसणार? 'घिस गया' म्हटलं की काम भागतं.

पुढे काय होतं ते बघा. एक आजी एक्स-रे घेऊन आल्या. देवळात जाणं का सोडलं, विचारलं. म्हणाल्या, "अरे, घिसलेत ना. आता जेवढे उरलेत तेवढे पुरवून वापरायचे." यंत्र झिजलंय म्हटल्यावर ते कमीच वापरणार, त्यांच्या हिशेबात काही खोट नव्हती. खोट चित्रात होती. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातूनच तिला पोषण मिळतं, आणि तो आत-बाहेर खेळायला सांध्यावर भार पडावा आणि सुटावा लागतो. वर बसून बसून मांडीचे स्नायू उतरले की गुडघा आणखीच बोलायला लागतो. मी त्यांना भांड्यांचा स्पंज सांगितला: दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत. "आणि पडून राहिला की कडक होतो," हे त्यांनीच जोडलं. मग खुर्चीवरून उठ-बस करायला त्या कुरकुर न करता तयार झाल्या.

'गादी सरकली' त्याहून वाईट. हे ऐकलेला तरुण माणूस वाकून बूटसुद्धा घालत नाही. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, आणि ती मणक्यांना घट्ट जोडलेली असते. ती फुगते, कधी आतला गर बाहेर येतो, पण साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली. एमआरआयचा कागद हातात घेऊन घाबरलेल्या पेशंटला हे आकडे जरूर सांगा.

आपलं शास्त्रही चित्रांवरच चालतं बरं. मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मज्जारज्जूतलं वेदनेचं 'दार' मांडलं: वेदनेचे संदेश मेंदूकडे सोडणारं किंवा अडवणारं. लागलेल्या जागी चोळलं की बरं का वाटतं, ते त्यातून कळतं. त्वचेवरून सौम्य वीज देणाऱ्या टेन्स मशीनमागेही तोच विचार. पण कापून काढलेला, आता नसलेला पाय दुखतो तेव्हा हे दार अपुरं पडतं, आणि पुढे मेलझॅक स्वतःच मेंदूतल्या जाळ्याकडे वळले. व्हायव्हात हा पुढचा भाग सांगितलात तर परीक्षक खूश होतात.

पेशंटसमोर आधीच्या डॉक्टरांचं वाक्य खोडून काढू नका. विश्वास दोघांवरचाही उडतो. सरळ विचारा, "आत काय झालंय असं वाटतं तुम्हाला?" उत्तर केस-शीटवर त्यांच्याच शब्दांत उतरवा, हिंदी तर हिंदी. पुढच्या खेपेला व्यायाम झालेला नसेल, तर आधी ते वाक्य वाचा, व्यायामाचा तक्ता नंतर.