टसरचा कोसा झाडावर कसा वाढवावा

गडचिरोली, भंडारा भागात टसर रेशीम देणाऱ्या पतंगाच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवतात. उघड्यावरचे पीक असल्याने सर्वाधिक मर पहिल्या काही दिवसांत, अळ्या कोवळ्या असताना होते. त्यामुळे खरी मेहनत तिथेच घ्या.

पावसाच्या तोंडावर बियाण्याच्या कोषांच्या माळा हवेशीर खोलीत टांगा. पतंग संध्याकाळनंतर बाहेर पडतात. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या. मादीचे पोट फुगीर. पतंगाला तोंडाने खाता येत नाही, तेव्हा खाद्य ठेवू नका. रात्रभर जोडी लागू द्या, मग प्रत्येक मादी वेगळ्या डबीत ठेवा. तीन दिवसांत ती साधारण दीडशे ते अडीचशे अंडी घालते. त्यानंतर तिचे पोट खलून सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. पेब्रीन या रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी जाळा. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो आणि त्यावर औषध नाही. ही तपासणी टाळणे म्हणजे पुढचे पीक जुगारावर लावणे.

निरोगी अंडी ५ टक्के फॉर्मेलिनमध्ये (जंतुनाशक द्रावणात) ५ मिनिटे धुवा, साध्या पाण्यातून काढा, सावलीत वाळवा. आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात.

तोवर झाडाखालचे गवत काढून बुंध्याभोवती ९ भाग चुना, १ भाग ब्लीचिंग पावडर भुरभुरा. अळ्या निघण्याच्या बेतात असताना अंडी पानांच्या द्रोणात ठेवून फांदीला बांधा आणि झाडावर नायलॉनची जाळी टाका. जाळी नसेल तर मुंग्या, गांधीलमाश्या आणि पक्षी निम्मे पीक सहज फस्त करतात.

अळी चार वेळा कात टाकते. डोके वर करून ती निश्चल बसली की हात लावू नका. पकड सुटली तर जुनी कातडी निघत नाही आणि अळी मरते. पाऊण पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्या, पण अळी ओढू नका, डहाळीसकट कापा.

पहिल्या पिकाला महिनाभर लागतो, हिवाळ्यातल्या पिकाला बराच जास्त. शेवटी अळी डहाळीभोवती रेशमाचे कडे घालते, त्याला देठ काढते आणि खाली कोष विणते. विणकाम सुरू झाल्यापासून सहा-सात दिवस थांबा. घाई केली तर आतला कोवळा कोशित (अळी आणि पतंग यांमधली अवस्था) दुखावतो.

शेवटच्या पिकातले कोशित थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोपतात. बियाण्याचे कोष उन्हाळ्यात गार, हवेशीर जागी ठेवा. उकाड्यात काही पतंग अवेळी निघतात आणि जोडीदार न मिळाल्याने वाया जातात.